लॉन उपटू नका, आधी एक पावसाळा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात नालेसफाई, फांद्यांची छाटणी, धोकादायक इमारतींच्या नोटिसा यांच्या बातम्या रोज येतात. त्याच दिवसांत मुंबईतल्या सोसायट्यांच्या फाटकाआड आणखी एक काम उरकले जाते, त्याची बातमी कुठे होत नाही. आवारातले लॉन खरवडून काढायचे आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, नाहीतर हिरव्या प्लॅस्टिकचे गवत अंथरायचे. कारण सगळीकडे तेच सांगतात : गवत जागोजागी गेले आहे, उरलेल्यात रान माजले आहे, दरवर्षी किती खर्च करायचा? मुलुंड पूर्वेला आमच्या आसपास हे होताना मी पाहिले आहे आणि आता तसाच प्रस्ताव आमच्या संस्थेच्या कमिटीपुढे आला आहे. म्हणून हे पत्र.

मी महापालिकेच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर संस्थेच्या दोन इमारतींमधली जेमतेम हजार चौरस फुटांची हिरवळ आणि तळमजल्यावरच्या माझ्या घरापुढचा तुकडा, दोन्हींची देखभाल मी आवडीने अंगावर घेतली. आठवड्यातून एकदा येणारे आमचे माळीदादा वाडा तालुक्यातले. गवताबद्दल पुस्तकांतून मला जेवढे कळले त्याहून जास्त त्यांच्या शेजारी उकिडवे बसून कळले. त्या जोरावर ठामपणे सांगते : लॉनमधला प्रत्येक उघडा तुकडा कशाने तरी उघडा पडलेला असतो. ते कारण सापडले तर तेवढ्या तुकड्याची दुरुस्ती पुरते. सबंध लॉन उपटावे लागत नाही. आणि मुंबईत हे काम करायला पावसाळ्यासारखा काळ नाही.

लॉनचा निकाल नेहमी मे महिन्यात लावला जातो, हीच पहिली गडबड. जुन्या सोसायट्यांत जे गवत टिकून असते ते बहुतेक हरळी असते, आपण गणपतीला वाहतो तीच दूर्वा. पाणी कमी पडले की हरळी वरची पाने वाळू देते आणि जमिनीलगतच्या, जमिनीखालच्या खोडांत जीव धरून राहते. गॅलरीतून पाहणाऱ्याला ती मेलेली वाटते. अशा पिवळ्या जागी खाली बसावे, बोटाने माती उकरून एखादे पेर वर काढावे आणि नखाने खरवडून पाहावे. आत ओलसर, पांढरट-हिरवे दिसले तर ते गवत जिवंत आहे आणि पावसाने नीट जोर धरला की आपणहून फुटेल. पेर तपकिरी, कोरडे, चुरा होणारे असेल तरच ती जागा खरी गेलेली. ‘अर्धे लॉन मेले’ असे म्हणणाऱ्या आमच्या सभासदांच्या हातात मी ही पेरे ठेवली. खरे उघडे तुकडे मोजकेच निघाले, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे निघाले.

फाटकाजवळचा सर्वांत मोठा तुकडा इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरच्या कामाची देणगी आहे. परांची बांधली होती तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी सिमेंटचा माल तिथेच कालवला, आणि काम झाल्यावर त्यावर लाल मातीचा थर पसरून ते गेले. त्या मातीवर नर्सरीतून कार्पेट लॉनचे चौकोन आणून बसवले गेले. पावसाळाभर ते देखणे दिसत आणि पुढच्या उन्हाळ्यात जळून जात. माळीदादांनी तिथे पहार मारली तर चार बोटांवरच ती खणकन वाजली. खाली घट्ट झालेल्या मालाची लादी होती. पाणी खाली जात नाही, मुळे जात नाहीत, आणि सिमेंटमधला चुना मातीत उतरून ती अल्कधर्मी करतो. अशा जागी वरून कितीही खत घाला, उपयोग शून्य. लादी फोडून वीतभर खोलीपर्यंतचे राबिट, म्हणजे बांधकामाचा मलबा, बाहेर काढणे एवढाच उपाय. मुंबईत कित्येक जुन्या इमारती भरावावर उभ्या आहेत. आवारातली जमीन म्हणून आपण ज्यावर चालतो तिच्यात विटांचे तुकडे, खडी आणि प्लास्टर किती असते ते कुठेही एक फूट खणून पाहावे.

लाल मातीबद्दलही एक सांगते. शिवाजी पार्कभोवतीचे रहिवासी मैदानातल्या लाल धुळीने वर्षानुवर्षे त्रासले आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिथला प्रश्न मोठा आहे, रोज हजारो पाय त्या जमिनीवर पडतात. पण लाल मातीचा जाड थर ओतला म्हणजे हिरवळ झाली, ही समजूत आपल्या छोट्या आवारांतही तितकीच पक्की बसली आहे. बारीक लाल माती उन्हात घट्ट होते आणि पावसात चिखल होते. शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळल्याशिवाय ती एकटी कामाची नाही.

दुसरा तुकडा बोअरवेलच्या नळाजवळचा. मुलुंड पूर्वेला खाडी आणि मिठागरे जवळ. उन्हाळ्यात आमच्या बोअरचे पाणी मचूळ होते. पाणीकपातीच्या दिवसांत पिण्याचे पाणी गवताला घालू नये हे मला मान्यच आहे, म्हणून बोअरचेच पाणी वापरतो. पण त्या नळाखाली बादल्या भरताना रोज पाणी सांडते, सुकते आणि मातीवर पांढरी पापडी धरते. हरळी खारेपणा बऱ्यापैकी सोसते, मात्र त्यालाही मर्यादा आहे. याचे औषध पाऊसच. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाण्याला वाट असेल तर तो हा क्षार खाली धुऊन नेतो. म्हणून अशा जागी जूनमध्ये काहीच लावू नये. माती पहारीने सैल करून ठेवावी, महिनाभर पाऊस मुरू द्यावा आणि जुलैत लागवड करावी.

जिन्याकडे जाणारी जवळची वाट आणि दुचाक्या वळवायची जागा यांची कारणे उघड आहेत. ‘लॉनवर चालू नये’ अशी पाटी लावून माणसे लांबचा फेरा घेत नाहीत. पावलाच्या अंतराने फरश्या बसवल्या आणि मधल्या फटीत गवत राहू दिले की भांडण मिटते. कुत्र्यांच्या मुताने जळालेला ठिपका मधोमध वाळलेला आणि कडेने गडद हिरवा असतो. मुठीने युरिया फेकला तरी गवत असेच ठिपक्याठिपक्याने जळते. दोन्ही ठिकाणी भरपूर पाणी ओतून माती धुवावी. एखादा तुकडा हाताने ओढल्यावर मुळांशिवाय सहज उचलून येत असेल आणि साळुंक्या, कावळे तिथे सारखे टोचत असतील तर खाली मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या आहेत का ते बघावे.

गवत कापण्याच्या पद्धतीवर मात्र थांबायला हवे, कारण माझ्या मते मुंबईतली निम्मी लॉने तिनेच जातात. साफसफाईच्या कंत्राटात महिन्यातून एकदा माणूस खांद्याला नायलॉन दोरीचे मशीन अडकवून येतो आणि पार माती दिसेपर्यंत गवत उडवून जातो. हरळीची पाने गेली की खालची खोडे उघडी पडतात, मातीवर थेट ऊन येते आणि तिच्यात पडून असलेले रानाचे बी उगवायला मोकळे होते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये आणि हरळी दीड इंचाच्या आसपास राहू द्यावी. पावसात ती झपाट्याने वाढते, तेव्हा आठ-दहा दिवसांनी कापायला हवी. कंत्राटाच्या कागदावर उंचीचा आणि दिवसांचा असे हे दोन आकडे लिहून घ्या. कमिटीला यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागले तरी ते नवे लॉन विकत घेण्यापेक्षा कमीच असतील.

आता रान. त्यात सर्वांत कठीण लव्हाळा. ओळखायची खूण सोपी आहे : दांडा दोन बोटांत फिरवला की तीन कडा हाताला लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. लव्हाळ्याला जमिनीखाली काळपट, सुवासिक कंद असतात आणि ते बारीक चिवट खोडांनी एकमेकांना जोडलेले असतात. आयुर्वेदात ते मुस्ता म्हणून औषधाला लागतात. पात वरून ओढली की ती हातात येते, कंद जागेवर राहतो आणि साखळीतले झोपलेले कंदही फुटू लागतात. “बाई, नुसतं ओढू नका, खालची गाठ हातात आली पाहिजे,” असे माळीदादा मला सांगतात, आणि आमच्या आवारातल्या मुलांनासुद्धा तेच सांगतात. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की खुरपे तिरपे खाली घालावे आणि गाठीसकट उचलावा. राहिलेल्या गाठीतून तो पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा उचलावा. पात वर आल्यावर काही आठवड्यांतच नवे कंद धरायला लागतात, म्हणून फेरी दर आठवड्याला हवी. असे केले की जुन्या कंदातला साठा संपत जातो आणि नवा भरत नाही. एका पावसाळ्यात लव्हाळा नाहीसा होत नाही. पण तो विरळ होतो, आणि सावली त्याला मानवत नसल्याने दाट हरळीत त्याचा जोर उरत नाही. काढलेले कंद खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, कडक उन्हात वाळवावेत. विकतच्या मातीच्या गोण्यांतून तो बहुतेकदा आवारात येतो, त्यामुळे माती चाळल्याशिवाय पसरू नये.

‘एकदा औषध मारू आणि मोकळे होऊ’ हा सल्ला प्रत्येक कमिटीत कोणीतरी देतेच. हात जोडून सांगते, तो ऐकू नका. तणनाशक म्हणून ज्याचे नाव पुढे येते ते ग्लायफोसेट निवडक नाही, ते हरळीलाही मारते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला आहे. जिथे संध्याकाळी मुले अनवाणी खेळतात आणि आजी-आजोबा सतरंजी टाकून बसतात, त्या हजार चौरस फुटांसाठी खुरपे पुरेसे आहे.

बाकीच्या रानाशी असे वैर धरायची गरज नाही. गाजरगवत तेवढे फुलण्याआधी मुळासकट काढावे, हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज येते आणि काहींना दम्याचाही त्रास होतो. १९५० च्या दशकात पुण्यात ते प्रथम दिसले आणि आज कुठला रस्ता त्याच्यापासून सुटलेला नाही. टाकळा शेंगा धरण्याआधी उपटावा. जिथे कसलेही औषध मारलेले नाही तिथली त्याची कोवळी पाने स्वयंपाकघरात न्यावीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला स्टेशनांबाहेर आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, शेवळे घेऊन बसतात, तेव्हा आपण ते पैसे देऊन आणतोच. आंबुशी मी कुंपणालगत मुद्दाम ठेवते. तीन बदामी पानांचे ते रोप वर्गात दाखवायला मी नेहमी नेत असे, आणि तास संपेपर्यंत मुलांनी ते खाऊन टाकलेले असे. नाचणीच्या कणसासारखे बोटबोट तुरे धरणारे, जमिनीला चिकटलेले एक चिवट गवत असते. ते जिथे भराभर वाढते तिथली माती दबलेली आहे असे समजावे आणि पहार घेऊन जावे.

दुरुस्तीची आमची पद्धत अशी. उघड्या तुकड्याच्या कडा जिवंत गवतापर्यंत खुरप्याने सरळ कापून घ्यायच्या. आतली माती वीतभर खणून काढायची आणि जाड चाळणीतून चाळायची. राबिट एका बाजूला, लव्हाळ्याच्या गाठी दुसऱ्या बाजूला. चाळलेली माती दोन घमेली, चांगले कुजलेले शेणखत किंवा आपल्याच ओल्या कचऱ्याचे खत एक घमेले आणि जाड वाळू अर्धे घमेले असे मिसळून खड्डा भरायचा. वाळू खाडीची किंवा किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ असते. कच्चे शेणखत घातले तर गुरांनी खाल्लेले तणांचे बी त्यातून उगवते. माती आजूबाजूच्या पातळीहून अर्धा इंच वर ठेवायची. दोन पावसांत ती बसते, आणि कमी भरली तर तिथे पाणी साचून शेवाळ येते.

एवढे झाले की लगेच लावायची घाई नको. एक-दोन पाऊस पडू द्यावेत. आठ-दहा दिवसांत मातीतले रानाचे बी कोंब काढते. ते खुरप्याच्या टोकाने वरचेवर खरवडून टाकायचे, खोल ढवळायचे नाही, नाहीतर खालचे बी वर येते. मग हरळी. ती विकत आणायची नाही. पायवाटेवर, गटाराच्या कडेला, फरश्यांच्या सांध्यांत हरळी जिथे नको तिथे धावत आलेली असतेच, तीच मुळांसकट उचलायची. तीन-चार पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांवर टोचायचे, दोन पेरे मातीत आणि शेंडा बाहेर. पायाने दाबून घ्यायचे, म्हणजे मुळाजवळ पोकळी राहत नाही. मुसळधार पाऊस चालू असताना लावू नये, उघडीप मिळाली की लावावे. नंतर मोठी सर आली तर माती वाहून जाते, म्हणून आम्ही वर जुने गोणपाट अंथरतो, कडेला दगड ठेवतो आणि हिरवे कोंब दिसू लागले की ते उचलतो. पहिला महिना युरिया अजिबात नको. गवत तीन इंच झाले आणि हलके ओढल्यावर उपटून आले नाही, तरच पहिली कापणी. पावसाने साथ दिली तर गणपतीपर्यंत तुकडा भरून येतो.

या सगळ्याने न भरणारी एक जागा आमच्याकडे आहे आणि ती अनेकांकडे असेल. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या लॉनचा पश्चिमेकडचा पट्टा दिवसातला फार थोडा वेळ ऊन पाहतो. हरळीला रोज सहा तासांच्या आसपास ऊन हवे. तिथे दरवर्षी नवे कार्पेट लावणे म्हणजे पैसे मातीत घालणे. अशा ठिकाणी गवताचा हट्ट सोडावा. रुंद पानांचे सावली सोसणारे गवत नर्सरीत मिळते, तेही तग धरत नसेल तर नेचे लावावेत, किंवा पडलेला पालापाचोळा तसाच राहू द्यावा. पालापाचोळ्याखालची माती जिवंत असते, गांडुळांनी भरलेली असते आणि पाणी मुरवते. मात्र सावली पडते म्हणून झाडाच्या फांद्या परस्पर तोडू नयेत. महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. आमच्या जांभळाखाली नेचे लावल्यापासून तिथल्या गवताची तक्रार कोणी केलेली नाही.

आमच्या कमिटीपुढे जे प्लॅस्टिकचे गवत आले आहे ते नमुना म्हणून गॅलरीतल्या सावलीत दाखवले गेले. तेच एप्रिलच्या दुपारी उन्हात ठेवून त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे. खऱ्या गवतातून पाण्याची वाफ जाते म्हणून ते थंड राहते, प्लॅस्टिक तापतच जाते. काही वर्षांनी ते झिजते, तुटते आणि कचऱ्यात जाते. मुलुंडकरांनी डम्पिंग ग्राउंडची दुर्गंधी आणि धूर किती वर्षे सोसला आहे! २०१८ मध्ये ते बंद झाले तेव्हा आम्हाला झालेला आनंद मी विसरलेले नाही. आता आमच्या आवारातले प्लॅस्टिक आम्ही दुसऱ्या कुणाच्या दाराशी पाठवणार, हे मला पटत नाही. आणि पेव्हर ब्लॉक सिमेंटवर पक्के बसवले की तेवढ्या जागेतले पावसाचे सगळे पाणी सरळ गटारात जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तसला पाऊस कोणत्याही हिरवळीला आवरला नसता. पण जुलैतल्या नेहमीच्या पावसात गल्लीत घोटाभर पाणी होते, ते थोडे तरी जमिनीत मुरावे असे वाटत असेल तर आवारातली उघडी माती राखायलाच हवी. एकेका सोसायटीची हजार चौरस फूट जागा कमी वाटते, मुलुंडमधल्या सगळ्या सोसायट्यांची मिळून ती कमी नाही.

माझी विनंती गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांना आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. लॉन काढण्याचा विषय मेमधल्या कमिटीच्या बैठकीत उरकू नका, तो त्या सभेपुढे ठेवा. तोपर्यंत एक पहार, एक चाळणी, शेणखताच्या दोन-चार गोण्या आणि माळ्याचे थोडे जास्तीचे रोज एवढाच खर्च करा. कुठला तुकडा कशाने गेला हे एका कागदावर नकाशा काढून लिहा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. आमचा नकाशा मी लावला आहे. सप्टेंबरच्या सभेला येणाऱ्या सभासदांनी वर येण्याआधी खाली लॉनवर एक फेरी मारावी, भरलेले आणि न भरलेले तुकडे पाहावेत आणि मग मत द्यावे. मुलुंड पूर्वेतल्या कोणत्याही संस्थेला हरळीची रोपे हवी असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या आवारातून ती विनामूल्य देऊ, माळीदादांशी तसे बोलणे झाले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई